सोऱ्यापासून सांवेर रोडपर्यंत : खटपट्या माणसांची गोष्ट

गणपती आले की आपल्या स्वयंपाकघरांतली जुनी आयुधे माळ्यावरून खाली उतरतात. मोदकाचा साचा, पुरणयंत्र, पाठोपाठ दिवाळीसाठी सोऱ्या. ही हत्यारे इतकी अंगवळणी पडली आहेत की ती कुणीतरी, कधीतरी, डोके चालवून पहिल्यांदा बनवली असतील हे आपल्या मनातही येत नाही. साधी विळी घ्या. भाजी चिरायच्या पात्याच्या टोकाला नारळ खवायचे दातेरी चक्र बसवावे आणि एकाच पाटावर दोन कामे करावीत, ही कल्पना ज्या कुणाला सुचली त्या माणसाचे नाव कुठल्याही बखरीत नाही. शेजारपाजारच्यांनी त्याला तेव्हा "काहीतरी उद्योग करत बसतो" असेच म्हटले असेल.

आपल्याकडे "नसते उद्योग" हा शब्दप्रयोग काही कौतुकाचा नाही, आणि यंदाच्या लेखाचा विषय नेमका हाच आहे. खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी चमत्कारिक वाटणारी यंत्रे बनवणारी आणि त्यांतून धंदा उभा करू पाहणारी आपली माणसे कोण होती? कोणाचे साधले, कोणाचे का साधले नाही?

पहिले नाव शंकर आबाजी भिसे यांचे. जन्म मुंबईचा, 29 एप्रिल 1867. लहानपणापासून यंत्रांचा नाद. शाळेत शास्त्राचे रीतसर शिक्षण फारसे मिळाले नाही. बहुतेक सगळे वाचून आणि हाताने करून शिकले. शास्त्र आणि कलाकौशल्य यांवर मराठी वाचकांसाठी त्यांनी 'विविध कला प्रकाश' नावाचे मासिक काढले. ज्या काळात यंत्रविद्या म्हणजे इंग्रजी पुस्तके असे समीकरण होते, त्या काळात ती मराठीतून सांगायची त्यांची हौस होती.

1890 च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या एका शोधविषयक नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली. प्रश्न अगदी वाण्याच्या दुकानातला होता. साखर, पीठ असा सुटा माल मोठ्या साठ्यातून आपोआप मोजून ठरावीक वजनात देईल असे यंत्र हवे होते. आपण सर्वांनी दुकानात पाहिले आहे, तराजूच्या पारड्यात थोडे टाकायचे, थोडे काढायचे, आणि मागे गिऱ्हाईक ताटकळत उभे. मुंबईत बसून भिश्यांनी या प्रश्नाचा आराखडा तयार केला, विलायतेला पाठवला आणि बक्षीस मिळवले. मुंबईतल्या पुढाऱ्यांचे लक्ष त्यांच्याकडे वळले. दिनशा वाच्छा यांनी त्यांची ओळख लंडनमध्ये दादाभाई नौरोजींशी करून दिली, आणि भिसे विलायतेस गेले.

पुढची कथा थक्क करणारी आहे. स्वयंपाकघरातली उपकरणे, विजेवर चालणाऱ्या जाहिराती, टेलिफोन, डोकेदुखीवरचे यंत्र, आपोआप धुतले जाणारे शौचकूप, असे त्यांचे डोके चौफेर चालत होते. सर्वांत मोठी कीर्ती झाली ती छपाईचे खिळे झपाट्याने ओतणाऱ्या 'भिसोटाइप' यंत्राची. लोक त्यांना भारताचे एडिसन म्हणू लागले. पण भांडवलाने त्यांना सतत हुलकावणी दिली. दादाभाईंचे इंग्रज स्नेही हिंडमन यांनी पैसा उभा करण्याचा प्रयत्न केला, तो फसला. मग गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या मध्यस्थीने सर रतन टाटा पुढे आले आणि टाटा-भिसे अशी जोडनावाची संस्था निघाली. तीही फार टिकली नाही. भिसे अमेरिकेला गेले, तिथे आयोडीनयुक्त औषध काढले, आणि 1935 मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे निधन झाले. आज त्यांचे नाव किती घरांत ठाऊक असेल?

दुसरे नाव सर्वांना ठाऊक आहे : लक्ष्मणराव किर्लोस्कर. तेही भिश्यांचेच समकालीन, जन्म 1869 चा. चित्रकलेसाठी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण रंग नीट ओळखू येत नाहीत म्हणून रंगकाम सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवण्याची नोकरी केली, बढती डावलली गेली तेव्हा ती सोडली. बेळगावात 1888 पासून सायकलींचे दुकान होते, भाऊ रामुअण्णा सोबतीला होते. तिथे सायकली विकता विकता त्यांनी जे पहिले यंत्र बनवले ते कडबा कापण्याचे. म्हणजे गुराच्या जेवणाचे यंत्र! आपल्या सांवेरच्या शेतकऱ्याला कुट्टी मशीन काय चीज आहे हे सांगायला नको. अख्खा कडबा टाकला की जनावर पाला खाते आणि धाट तुडवते. बारीक करून दिला की गव्हाणीत काही उरत नाही. एवढ्या साध्या निरीक्षणावर ते यंत्र उभे होते.

मग 1903 मध्ये लोखंडी नांगर निघाला. शेतकऱ्यांचा समज असा की लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते. पहिले नांगर दोन वर्षे तसेच पडून राहिले. लक्ष्मणराव खचले नाहीत. 1910 मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळची माळजमीन आणि कर्ज दिले. त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पुढे तिथून उसाचे चरक निघाले, शेंगा फोडण्याची यंत्रे निघाली. 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघाले. कारखान्याने आपल्या गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत बोलायचे ठरवले, आणि त्यातूनच मराठीतले एक नामांकित मासिक घडले. आपल्या शेजारच्या देवासला याच घराण्याचा पंपांचा कारखाना आहे, म्हणजे ती परंपरा माळव्यातही पोचली.

दोघेही बुद्धीचे, दोघेही जिद्दीचे. मग फरक कुठे पडला? आम्हांला वाटते, तो संगतीत पडला. भिसे बहुतेक काळ परक्या मुलखात, एका भांडवलदाराकडून दुसऱ्याकडे जात राहिले. वजनाच्या यंत्रावरून खिळ्यांच्या यंत्राकडे, तिथून औषधाकडे असा त्यांचा प्रवास झाला. किर्लोस्करांच्या भोवती भाऊ होता, कारागीर होते, समोर शेतकरी होता आणि पाठीशी एक संस्थानिक. यंत्र विकले गेले नाही तर का विकले गेले नाही हे सांगणारा माणूस रोज दारात होता. युक्ती एकट्याला सुचते, पण धंदा एकट्याने होत नाही.

स्वयंपाकघरातही हेच खरे आहे. पुरणयंत्रातून पुरण गरम असतानाच फिरवावे लागते. गार झाले की घट्ट होते आणि मग दांडा फिरवणाऱ्याचा हात भरून येतो. चकलीचे पीठ सैल झाले तर काटे पडत नाहीत. हे ज्ञान लोहाराकडे नाही, इंजिनियराकडे नाही. ते आत्याकडे, मावशीकडे आहे. पुण्याच्या चितळे बंधूंनी बाकरवडी हातावरून यंत्रावर नेली, तेव्हा लाटणे, सारण पसरणे, गुंडाळणे आणि कापणे ही हाताची कामे यंत्राला शिकवावी लागली. पुण्यात वाढलेल्या प्रणोती नागरकर यांनी सिंगापुरात 2008 मध्ये कंपनी काढली आणि पोळ्या करणारे 'रोटीमॅटिक' बाजारात यायला 2016 उजाडले. आठ वर्षे लागली, यात नवल नाही. प्रत्येक पिठाला पाणी वेगळे लागते, हे कळलेली गृहिणी हाताच्या स्पर्शाने निभावते. यंत्राला एकेका गोळ्याचे पीठ आणि पाणी मोजून ते ठरवावे लागते.

आता थोडे आपल्याबद्दल. होळकरशाहीत आपली घराणी माळव्यात आली ती शिलेदार, कमाविसदार, फडणीस म्हणून. पुढे वकील, मास्तर, कारकून झाली. सांवेर परगण्याच्या दप्तरात आपल्या पूर्वजांचे मोडी अक्षर आहे, पण बाजारपेठेत आपली दुकाने मोजकीच. सेव आपल्या डोळ्यांदेखत मोठी झाली. कढईवर झारा धरून, बेसनाचा गोळा तळहाताने घासत, तापल्या तेलाची झळ सोसत सेव पाडणारे कारागीर आपण पाहिले आहेत. आज तेच काम यंत्र करते, आणि इंदूरचे नमकीन देशभर जाते. इंदूरच्या सांवेर रोडवरच्या औद्योगिक वसाहतीतून जाताना खाद्यपदार्थांचे आणि यंत्रांचे कारखाने शेजारी शेजारी दिसतात. त्या रस्त्याला नाव आपल्या गावाचे आहे. आपल्या घरांतला पातळ पोह्यांचा चिवडा, भाजणी, गूळपोळी मात्र अजून डब्यांतच आहे. ती करणारे हात थकत चालले आहेत आणि शिकणारी मुले पुण्याला, बंगळुरूला, त्याही पलीकडे गेली आहेत. पदार्थ गेला की त्याच्यासाठी लागणाऱ्या हत्याराची युक्तीही जाते, आणि ती परत सुचायला पुन्हा कुणाचे तरी अख्खे आयुष्य लागते.

यावर आमचे एक म्हणणे आहे. उत्सवात पाककला स्पर्धा होतात. परीक्षक चव पाहतात, मांडणी पाहतात, गुण देतात. तिच्या शेजारी एक लहानशी स्पर्धा हत्यारांची असावी. घरात कुणी जुन्या सोऱ्याला नवी ताटली पाडून घेतली असेल, गूळ चिरायची काही सोय केली असेल, उकड मळायचे काही यंत्र जुळवले असेल, ते आणून मांडावे. ज्यांना वेल्डिंग येते, ज्यांना हिशेब येतो, ज्यांच्याकडे चार पैसे आहेत, त्यांनी ते पाहायला यावे आणि करणाऱ्या बाईंशेजारी बसून ऐकावे. शंकर आबाजींना विलायतेचे दार एका स्पर्धेनेच उघडून दिले होते. आपल्या मांडवातून कुणाला सांवेर रोडवरच्या एखाद्या शेडचे दार उघडले तर ते बाप्पाला आवडेल. तोही विद्येचा आणि कलांचा देव आहे, आणि साच्यातला असो वा हातवळीचा, मोदक त्याला दोन्ही चालतात.