एका पिस्तुलाची परीक्षा

कवितेच्या माणसाला पिस्तुलाशी काय कर्तव्य, असं आपल्याला वाटलं असेल. माझं कर्तव्य सुरुवातीला शब्दांपुरतंच होतं. ‘बंदूक’ आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेनं आली. ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरले. या शब्दांचा माग काढत गेलो आणि एका परीक्षेच्या इतिहासापाशी येऊन थांबलो. अमेरिकेच्या सैन्यानं आपलं पहिलं अर्धस्वयंचलित पिस्तूल कसं निवडलं, त्याचा हा इतिहास. त्यात यंत्राची गोष्ट आहे, तशीच माणसांचीही आहे.

अर्धस्वयंचलित म्हणजे काय, ते आधी सांगतो. रिव्हॉल्व्हरमध्ये सहसा सहा घरांचं एक चाक असतं. घोडा पडला की एक गोळी सुटते आणि चाक फिरून पुढचं घर समोर आणावं लागतं. अर्धस्वयंचलित पिस्तुलात काडतुसं मुठीतल्या पेटीत एकावर एक रचलेली असतात. गोळी सुटताना जो मागे धक्का बसतो, त्याच धक्क्याच्या जोरावर रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि नवं नळीत चढतं. चाप मात्र दर वेळी ओढावा लागतो, म्हणून ‘अर्ध’.

१८९२ साली अमेरिकी सैन्यानं पॉइंट ३८चं, म्हणजे नऊ मिलिमीटरच्या आसपास गोळीचं, हलकं रिव्हॉल्व्हर स्वीकारलं. जुनं पॉइंट ४५चं मागे पडलं. १८९८मध्ये स्पेनशी युद्ध झालं आणि दोन कोटी डॉलर मोजून अमेरिकेनं फिलिपाइन्स बेटं घेतली. बेटांवरच्या लोकांना कोणी विचारलं नव्हतं. ते लढले. दक्षिणेकडच्या सुलू आणि मिंदानाओ बेटांवरचे मुसलमान तर १९१३पर्यंत लढत राहिले. त्यांना ‘मोरो’ हे नाव स्पॅनिशांनी दिलं. स्वतःच्या देशात ज्या मूर मुसलमानांशी शतकानुशतकं झगडले, त्यांचंच नाव त्यांनी अर्ध्या जगापलीकडच्या माणसांना चिकटवलं.

या मोरोंपैकी काही जण मरणाची शपथ घेऊन, हातात पातं घेऊन एकटे शत्रूवर धावत. स्पॅनिश त्यांना ‘हुरामेंतादो’, म्हणजे शपथ घेतलेला, म्हणत. सुलूच्या तौसुग भाषेत या लढण्याला ‘पर्रांग सबील’ म्हणतात. ‘सबील’ वाचलं आणि मी थबकलो. मोहरममध्ये रस्त्याच्या कडेला तहानलेल्यांसाठी पाण्याची, सरबताची जी सोय केली जाते, तिला आपल्याकडे सबीलच म्हणतात. अरबीत सबील म्हणजे वाट. ईश्वराच्या वाटेवर केलेलं काम. तोच शब्द एकीकडे सरबताचा पेला झाला आणि दुसरीकडे पातं. शब्द एकटा नसतो, त्याच्यावर काय गुदरलं ते त्याच्यासोबत असतं.

अशा धावत येणाऱ्या माणसाला पॉइंट ३८ची गोळी थांबवत नाही, अशा तक्रारी आल्या. जुनी पॉइंट ४५ची रिव्हॉल्व्हरं पुन्हा बाहेर काढण्यात आली. १९०४ साली जॉन थॉम्सन आणि लष्करी डॉक्टर मेजर लुई लगार्ड यांच्याकडे गोळीच्या आकाराचा प्रश्न सोपवला गेला. त्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातल्या जिवंत जनावरांवर गोळ्या झाडल्या. माणसांची प्रेतं टांगून, गोळी लागल्यावर ती किती हेलकावतात याचाही अंदाज घेतला. निष्कर्ष निघाला की, सैनिकाच्या पिस्तुलाची गोळी पॉइंट ४५पेक्षा लहान नसावी.

मग खरी निवड सुरू झाली. १९०७ साली स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात निरनिराळ्या कारखान्यांची हत्यारं चाचणीसाठी आली. जर्मनीचं लुगर होतं, अमेरिकेची कोल्ट आणि सॅव्हेज होती. नुसता नेम पाहून भागणार नव्हतं. धूळ उडवली, बिघडलेली काडतुसं घातली. पिस्तूल नवसागराच्या पाण्यात बुडवून गंज चढू दिला आणि मग चालवून पाहिलं. कल्हईवाल्याच्या हातातला नवसागर आपण पाहिला आहे. भांडं उजळवणारा तोच पदार्थ इथं लोखंड गंजवायला वापरला होता.

घोडदळाच्या शंका वेगळ्याच होत्या, आणि त्या रास्त होत्या. स्वाराचा एक हात लगामावर असतो. रिव्हॉल्व्हरचं काडतूस फुसकं निघालं, तर त्याच हातानं पुढचं घर समोर आणता येतं. पिस्तूल अडकलं तर ते मोकळं करायला दुसरा हात लागतो. उलट बाजूनं, पिस्तुलात सहाऐवजी सात गोळ्या आणि रिकामी पेटी काढून भरलेली सारण्याची सोय. पण उधळत्या घोड्यावर भरलेलं, घोडा चढवलेलं पिस्तूल हातातून निसटलं तर? म्हणून मुठीच्या मागे एक पट्टी बसवली. मूठ घट्ट धरल्याशिवाय चाप ओढला जाणार नाही. पुढे अंगठ्यानं लावायचा खटकाही आला. शेवटच्या पिस्तुलाच्या अंगावर अशी घोडेस्वाराची भीती कोरलेली आहे.

मार्च १९११मध्ये कोल्ट आणि सॅव्हेज समोरासमोर आली. प्रत्येकी सहा हजार गोळ्या. सॅव्हेजमध्ये सदतीस वेळा बिघाड झाला, कोल्टमध्ये एकदाही नाही. २९ मार्च १९११ रोजी कोल्टची निवड झाली आणि १९८५पर्यंत ते अमेरिकी सैन्याचं अधिकृत पिस्तूल राहिलं. त्याचा रचनाकार होता युटातला जॉन ब्राउनिंग. हे नाव मराठी माणसाला अनोळखी नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेलं पिस्तूलही ब्राउनिंगचंच होतं. एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेली यंत्रं साम्राज्याच्या दोन्ही बाजूंना पोचली होती.

आता ‘थांबवणं’ या शब्दाकडे येतो. या प्रश्नाचं एक मूळ आपल्या भूमीत आहे. १८९०च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात शरीरात शिरून फुलणारी गोळी बनली, ती वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांसाठी. १८९९च्या हेग परिषदेत तिच्यावर बंदीचा ठराव आला, तेव्हा ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांचा युक्तिवाद असा होता की, सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की थांबतो, रानटी माणूस धावतच राहतो. ब्रिटन आणि अमेरिका, दोघांनी ठरावाविरुद्ध मत दिलं. अमेरिकेच्या बाजूनं बोलणारे कॅप्टन विल्यम क्रोझिअर पुढे शस्त्रखात्याचे प्रमुख झाले आणि पिस्तुलाची परीक्षा त्यांच्याच कारकिर्दीत झाली. गोळी फुलणारी असो की मुळातच जाड, तिच्यामागची समजूत एकच होती.

ती समजूत कितपत खरी? लगार्ड यांच्या १९१४च्या पुस्तकातलं, पुढे पुन:पुन्हा सांगितलं गेलेलं उदाहरण पाहा. १९०५ साली एक कैदी पळू लागला. पॉइंट ३८च्या चार गोळ्या लागूनही पडला नाही, शेवटी बंदुकीच्या दस्त्यानं पडला. पण हा माणूस मोरो नव्हता. तो समार या ख्रिस्ती बेटावरचा कैदी होता, आणि घटना शिकागोच्या प्रयोगांनंतरची. जिवावर उदार झालेला माणूस कोणत्याही धर्माचा असला तरी धावतो.

दुसरी गोष्ट. नवं पिस्तूल सैन्यात रुळेपर्यंत मोरोंचा प्रतिकार संपत आला होता. मार्च १९०६मध्ये होलो बेटावरच्या बुद दाजो डोंगराच्या विवरात मोरो बायकामुलांसह आश्रयाला होते. तिथं काम केलं ते बंदुका, तोफा आणि मशिनगननी. मार्क ट्वेननं त्यावर जळजळीत लिहिलं. ते त्याच्या हयातीत छापलं गेलं नाही.

त्या पिस्तुलाच्या कारागिरीला नावं ठेवायची नाहीत. ती उत्तम होती, म्हणूनच सत्तरहून अधिक वर्षं टिकली. मला खटकतं ते हिशेबाचं. सहा हजार गोळ्यांत सदतीस बिघाड, हे त्या लोकांनी काटेकोर मोजलं. बुद दाजोवर किती माणसं मेली, तो आकडा मात्र आजही सहाशे आणि हजार यांच्या दरम्यान हेलकावतो आहे.