एक आकाश, दोन अंमल : मुलकी व लष्करी विमानांच्या निकट-प्रसंगांविषयीं कांहीं विचार

कोरपन्याचा मुलूख पूर्वीं राजुऱ्याबरोबर निजामाच्या राज्यांत मोडत असे. पैनगंगेपलीकडील वणीचा भाग वऱ्हाड प्रांतांत होता व तो प्रांत इ. स. १८५३ च्या तहानें इंग्रजांच्या ताब्यांत गेला. वर्धा नदीपलीकडे चांदा. तें नागपूरकर भोसल्यांच्या राज्याबरोबर इ. स. १८५४ मध्यें खालसा झालें. पुढें इ. स. १९५६ मध्यें राजुरा तालुका नांदेड जिल्ह्यास जोडला गेला व इ. स. १९५९ मध्यें चांदा जिल्ह्यांत आला. ज्या भूमीवर इतके अंमल एकमेकांस भिडले, त्या भूमीच्या इतिहासाचा अभ्यास करणारास सीमेचें महत्त्व निराळें सांगावयास नको. परंतु त्याच भूमीवरील आकाशासहि सीमा आहेत, हें आमच्या अभ्यासकांच्या लक्षांत अद्याप पुरतें आलेलें दिसत नाहीं. त्या सीमांवर घडणाऱ्या एका विशिष्ट संकटाचा, म्हणजे मुलकी व लष्करी विमानें एकमेकांच्या धोकादायक रीतीनें जवळ येण्याचा, विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

या प्रांतांत हा विषय परका नाहीं. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली, तेव्हां मुंबई, कलकत्ता, मद्रास व दिल्ली येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं नागपुरास एकत्र येऊन थैल्यांची अदलाबदल करीत. भारतीय वायुसेनेच्या देखभाल विभागाचें मुख्य ठाणेंहि नागपुरासच आहे. पुण्याचें लोहगांव विमानतळ वायुसेनेचें व गोव्याचें दाबोळी नौसेनेचें. तेथें उतारू मुलकी, पण धांवपट्टीवरील हुकूम लष्करी, अशी व्यवस्था आहे.

संकट कसें उद्भवतें, तें प्रथम पाहूं. ताशीं ८०० किलोमीटर वेगाचीं दोन विमानें समोरासमोर येत असतां त्यांच्यामधील १० किलोमीटरांचें अंतर सुमारें २३ सेकंदांत संपतें. एवढ्या अवधींत केवळ डोळ्यांवर विसंबणें व्यर्थ होय. मुलकी विमान ठरलेल्या मार्गानें व ठरलेल्या उंचीनें जातें. लष्करी विमान कामगिरीप्रमाणें वळतें, चढतें व उतरतें. मुलकी विमानांतील टीकॅस हें यंत्र वैमानिकास इशारा देतें खरें, परंतु समोरच्या विमानाचा ट्रान्सपाँडर उत्तर देत असेल तरच. तो बंद असल्यास यंत्रापुरतें तें विमान अस्तित्वांतच नसतें.

परदेशांत हा धडा रक्त सांडून शिकावा लागला. २१ एप्रिल १९५८ रोजीं अमेरिकेंत लास व्हेगासजवळ युनायटेड कंपनीचें डीसी-७ व वायुदलाचें एफ-१०० हीं विमानें आदळून ४९ माणसें मेलीं. पुढच्याच महिन्यांत मेरीलंडवर तसाच दुसरा अपघात झाला. आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत मुलकी व लष्करी वाहतुकीचें नियमन एका यंत्रणेखालीं आणणारा कायदा झाला. ३० जुलै १९७१ रोजीं जपानांत शिझुकुइशी येथें ऑल निप्पॉनचें बोइंग ७२७ व शिकाऊ वैमानिकाचें एफ-८६ आदळलें. बोइंगमधील १६२ माणसांपैकीं एकहि वांचलें नाहीं. शिकाऊ वैमानिक मात्र छत्रीनें उतरून बचावला.

आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ च्या चरखी दादरीच्या अपघाताचा दाखला या संदर्भांत नेहमीं दिला जातो. येथें थोडें सावधपणें बोललें पाहिजे. सौदी व कझाक हीं दोन्ही विमानें मुलकी होतीं. आणि लाहोटी आयोगाच्या चौकशींत कझाक विमान नेमून दिलेली १५,००० फुटांची उंची सोडून खालीं उतरल्याचें ठरलें. ३४९ माणसें मेलीं, तीं लष्करी विमानाशीं टक्कर होऊन नव्हे. तथापि दिल्लीभोंवतींचें बरेंच आकाश वायुसेनेकडे राखीव असल्यामुळें येणारीं व जाणारीं विमानें एकाच वाटेनें न्यावीं लागत, हेंहि तितकेंच खरें. वैमानिकाची चूक हें निकट कारण आणि अरुंद वाट ही पार्श्वभूमि; दोहोंची गल्लत करणें इतिहासलेखनास शोभत नाहीं. या अपघातानंतर येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या व टीकॅसची सक्ती आली.

खऱ्या मुलकी-लष्करी निकट-प्रसंगाचें महाराष्ट्रांतील ठळक उदाहरण ९ फेब्रुवारी २००९ चें. मुंबईच्या धांवपट्टीवर दिल्लीस निघालेलें आयसी-८६६ हें विमान उड्डाणासाठीं वेग घेत असतां, राष्ट्रपति प्रतिभाताई पाटील यांच्या ताफ्यांतील वायुसेनेचें एक हेलिकॉप्टर त्याच धांवपट्टीवर समोर दिसलें. कप्तानानें उड्डाण रद्द करून ब्रेक लावले व विमान थांबलें. कोणास इजा झाली नाहीं. चौकशीचा हुकूम निघाला, वृत्तपत्रें कांहीं दिवस गाजलीं, आणि प्रकरण विस्मृतींत गेलें.

आमचें म्हणणें येथेंच आहे. अपघात झाला म्हणजे आयोग नेमला जातो, स्मारक उभें राहतें व साक्षी नोंदल्या जातात. टळलेला अपघात मात्र चार कागदांपलीकडे कांहीं ठेवीत नाहीं. ते कागद एका खात्याचे मुलकी व दुसऱ्याचे लष्करी दप्तरांत पडतात, आणि दोन्ही एकत्र वाचले जाण्याचा योग क्वचित् येतो. वस्तुतः शिकावयाचें तें अशाच प्रसंगांतून, कारण येथें साक्षीदार जिवंत असतात.

इ. स. २०२० च्या मे महिन्यांत केंद्रीय अर्थमंत्र्यांनीं भारतीय आकाशापैकीं सुमारें ६० टक्केच भाग मुलकी विमानांस मोकळा असल्याचें सांगितलें. राखीव आकाश गरजेपुरतेंच राखून एरव्हीं मुलकी विमानांस खुलें करण्याच्या धोरणामुळें वर्षास सुमारें १,००० कोटी रुपयांचा लाभ होईल, असा त्या वेळचा अंदाज होता. देशाच्या आकाशाचे निरनिराळे विभाग एकत्र करून त्यांचें नियमन नागपुरांतून करण्याची ‘ईशान’ नामक योजनाहि इ. स. २०२४ मध्यें पुढें आली. वांटणीच्या भिंती काढणें इष्टच. परंतु आज लष्कराचें व उद्यां मुलकी अशा आकाशांत ‘या घटकेस ताबा कोणाचा’ या प्रश्नाचें उत्तर दोन्ही बाजूंस एकाच क्षणीं ठाऊक असलें पाहिजे. पैनगंगेच्या दोन तीरांवर दोन अंमल असतां मधल्या पात्राचा धनी कोण, हें निदान दिवसाढवळ्या विचारतां येत असे. आकाशांत त्या विचारपुशीस २३ सेकंद मिळतात. म्हणून टळलेल्या प्रसंगांचे मुलकी व लष्करी अहवाल एकत्र करून, संरक्षणास बाध न येईल अशा बेतानें, ठराविक मुदतीनंतर ते अभ्यासकांस खुले करावे, अशी आमची सूचना आहे.