साखरेचा आकडा आणि राहून गेलेलं बोलणं
मधुमेह असलेल्या माणसाला डॉक्टरांची दर तीन महिन्यांची भेट नकोशी का होते, याचं कारण बहुधा दवाखान्यातल्या गर्दीत नाहीतर रुग्णाच्या आळसात शोधलं जातं. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, खाऊन दोन तासांनी पुन्हा द्यायचं, रिपोर्ट घेऊन नंबर लावायचा आणि आत गेल्यावर ‘साखर वाढलीय, पथ्य पाळत नाही वाटतं’ एवढंच ऐकून बाहेर पडायचं. वर्षानुवर्षं हे करणाऱ्याच्या वैतागाला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. या उपचाराचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर या भेटीचा गाभा रुग्णाला शिकवणं हा होता आणि नेमका तोच गळून गेला, असं दिसतं.

बॉस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन यांनी १९१८ साली मधुमेहावर पुस्तिका काढली, ती डॉक्टर आणि रुग्ण दोघांनी वापरावी म्हणून. पुढे जानेवारी १९२२ मध्ये टोरँटोत इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला टोचलं गेलं आणि रोजची सुई घरात आली, तेव्हा तर शिकवल्यावाचून गत्यंतरच उरलं नाही. जॉस्लिन यांनी त्यासाठी परिचारिका रुग्णांच्या घरी पाठवल्या. लघवीतली साखरही घरीच तपासता येई. परीक्षानळीत पाच मिलिलिटर निळं बेनेडिक्ट द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी करत विटेसारखं लाल झालं तर भरपूर. तपासणी ढोबळ होती, रक्तातली त्या क्षणाची साखर तिच्यातून कळत नसे. पण तो रंग रुग्ण स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होता.

रक्तातली साखर मोजणारं छोटं यंत्र अमेरिकेत १९७० च्या सुमारास आलं, ते मात्र डॉक्टरांसाठी. रिचर्ड बर्नस्टीन या मधुमेही इंजिनिअरला ते मिळेना. डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावावर त्याने ते मागवलं, दिवसातून अनेकदा साखर मोजून डोस बसवला आणि पुढे चाळिशी उलटल्यावर स्वतः वैद्यकीचं शिक्षण घेतलं. आपल्याच रक्ताचा आकडा बघण्यासाठी एवढा खटाटोप करावा लागला, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

आकडा महत्त्वाचा नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर यांच्या संशोधनातून पुढे आलेली एचबीए१सी चाचणी दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते. अमेरिका आणि कॅनडातल्या टाइप १ च्या १,४४१ रुग्णांवरचा मोठा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. साखर काटेकोर ठेवणाऱ्या गटात, ज्यांच्या डोळ्यांचा पडदा आधी बिघडला नव्हता, त्यांच्यात तो बिघडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. पण त्या गटाला मिळालं काय, तेही पाहायला हवं. दर महिन्याला भेट, मधल्या काळात वारंवार फोन, सोबत परिचारिका आणि आहारतज्ज्ञ. जगभरच्या दवाखान्यांनी त्या अभ्यासातलं एचबीए१सीचं उद्दिष्ट उचललं. फोन आणि परिचारिका बहुतेक ठिकाणी मागेच राहिल्या.

आपल्याकडे बाहेर पन्नास माणसं बसलेली असताना एका डॉक्टरने किती बोलावं, हा आक्षेप खरा आहे. पण जॉस्लिन यांनी तरी सगळं एकट्याने कुठे केलं? शिकवण्याचं काम प्रशिक्षित परिचारिका करू शकते, हे त्यांनी इन्सुलिनच्या पहिल्याच दशकात दाखवून दिलं. शिवाय ज्याच्या घरी ग्लुकोमीटर आहे, त्याला आपली साखर वाढल्याचं आधीच ठाऊक असतं. ती का वाढली, हे कळायला दिवसाचं जेवण, रात्रपाळी, गोळीची वेळ विचारावी लागते. ज्याला स्ट्रिप परवडत नाहीत, त्याला तर हे विचारणं अधिकच गरजेचं. आणि आकडा वाचण्यात भेट संपली की तळपायाची संवेदना तपासायची राहते. बधिर पायाला झालेली जखम दुखत नाही, म्हणून ती चिघळेपर्यंत घरातही कोणाच्या लक्षात येत नाही. तेव्हा पुढच्या भेटीला जाताना रिपोर्टसोबत आपले दोन-तीन प्रश्न कागदावर लिहून न्या, आणि वर्षभरात पाय कोणी पाहिले नसतील तर चपला काढून ते डॉक्टरांपुढे करा.