मैदानावरची पहिली पाच मिनिटे

१९४७ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात एका १४ वर्षांच्या मुलावर छातीची शस्त्रक्रिया चालू होती. छातीचे हाड जन्मतः आत दबलेले होते, ते सरळ करायचे होते. काम संपत आले, जखम शिवायला घेतली आणि मुलाचे हृदय थांबले. शल्यविशारद क्लॉड बेक यांनी छाती पुन्हा उघडली, हृदय मुठीत धरले आणि ते हाताने दाबत राहिले. पाऊण तास असा गेला. दरम्यान त्यांनी आपल्या प्रयोगशाळेतून एक उपकरण मागवले. तेथे ते कुत्र्यांवर वापरले जात होते. त्यातून हृदयाला थेट विजेचा धक्का दिला. पहिल्या प्रयत्नात यश आले नाही. पुन्हा धक्का दिला आणि हृदय ठेक्यात चालू लागले. मुलगा बरा होऊन घरी गेला.

२०११ साली, म्हणजे ६४ वर्षांनंतर, जपानमधील साइतामा शहरात प्राथमिक शाळेच्या सहावीतील ११ वर्षांची एक मुलगी धावण्याच्या सरावात हजार मीटर अंतर पूर्ण करून अंतिम रेषेजवळ कोसळली. विजेचा धक्का देणारे यंत्र याच शाळेत होते. ते वापरायला शल्यविशारद लागत नव्हता. तरीही ते वापरले गेले नाही. दुसऱ्या दिवशी ती मुलगी दगावली.

या दोन घटनांच्या मधला इतिहास आपण येथे पाहणार आहोत. साधन हाती आले म्हणजे प्रश्न सुटला, असे का होत नाही, हे त्यातून कळते. शिवाय या इतिहासाचा शेवटचा भाग रुग्णालयात घडलेला नाही. तो शाळेच्या मैदानावर घडला आहे.

झटका आणि थांबणे

आधी एक गोंधळ दूर करू. हृदयविकाराचा झटका आणि हृदयक्रिया अचानक बंद पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झटक्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. हा नळ तुंबण्याचा प्रकार झाला. हृदयक्रिया बंद पडते तेव्हा बिघाड बहुधा विजेच्या व्यवस्थेत असतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागे एक क्षीण विद्युत्‌लहर असते. ती ठराविक वाटेने पसरते आणि स्नायू एकदम आकुंचन पावतो. ही शिस्त मोडली, की हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे, म्हणजे जवनिकांचे, स्नायुतंतू आपापल्या मर्जीने थरथरू लागतात. पिशवीभर गांडुळे वळवळावीत तसे हृदय दिसते, पण रक्त पुढे ढकलले जात नाही. काही सेकंदांत माणसाची शुद्ध हरपते. पुढे काहीच केले नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते.

खेळणाऱ्या मुलांमध्ये असे क्वचितच घडते. ज्यांच्या बाबतीत घडते त्यांच्यात बहुधा जन्मजात किंवा आनुवंशिक दोष लपलेला असतो. लंडनचे विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड टीअर यांनी १९५८ साली आठ तरुण रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या हृदयाची भिंत एका बाजूने बेढब जाड झाली होती. आठांपैकी सात जण अचानक मरण पावले होते. आज हा आजार चांगला परिचित आहे. काहींच्या हृदयाला रक्त देणारी वाहिनी भलत्या जागी उगम पावते. काहींचे हृदय दिसायला निर्दोष असते, पण पेशींच्या आवरणातील विद्युत्‌भारित कणांच्या वाटा सदोष असतात. दोष आधीपासून असतो आणि जोराचा व्यायाम हे केवळ निमित्त ठरते. म्हणूनच 'कालपर्यंत तर ठणठणीत होता' हे वाक्य अशा प्रत्येक घरात ऐकू येते.

तारा जोडणाऱ्यांपासून शाळेपर्यंत

विजेने बिघडलेले हृदय विजेनेच सुधारते, हा शोध जुना आहे. जिनिव्हाच्या प्रेव्हो आणि बातेल्ली यांनी १८९९ साली कुत्र्यांवर प्रयोग केले. लहान धक्क्याने हृदय थरथरू लागते आणि मोठ्या धक्क्याने ती थरथर थांबते, असे त्यांना दिसले. पुढे बरीच वर्षे कोणी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. विषय पुन्हा निघाला तो विजेच्या धंद्यामुळे. गावोगाव तारा पोहोचू लागल्या आणि त्या जोडणारे कामगार धक्का लागून मरू लागले. वीज कंपन्यांनी संशोधनासाठी पैसा दिला आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोवेन यांनी काम हाती घेतले. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते, विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते.

बेक यांनी छाती उघडून धक्का दिला होता. पॉल झोल यांनी १९५६ साली छाती न उघडता, बाहेरून धक्का देऊन हृदय ठेक्यावर आणून दाखवले. कौवेनहोवेन यांच्या प्रयोगशाळेत मात्र १९५८ साली अनपेक्षित गोष्ट घडली. गाय निकरबॉकर हा तरुण संशोधक कुत्र्याच्या छातीवर धक्का देण्याच्या जड पट्ट्या दाबत होता. धक्का द्यायच्या आधीच, नुसत्या दाबाने, रक्तदाबमापकाची रेघ वर गेलेली त्याला दिसली. याचा अर्थ छाती बाहेरून दाबली तरी रक्त फिरते! शल्यविशारद जेम्स ज्यूड यांच्या साथीने त्यांनी हे तंत्र माणसांवर वापरले. १९६० साली २० रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ वाचले होते. लेखकांनी त्यात बजावले, की हे काम कोणीही, कुठेही सुरू करू शकतो, त्यासाठी फक्त दोन हात पुरतात. आज ज्याला आपण सीपीआर म्हणतो त्याचा पाया येथे आहे.

हात कुठेही नेता येत होते, यंत्र मात्र रुग्णालयातच होते. बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी १९६५ साली मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे सुमारे ७० किलोचे यंत्र रुग्णवाहिकेत चढवले. १९६८पर्यंत ते ३ किलोंवर आले. पुढच्या पायरीवर यंत्राला निदानही करता येऊ लागले. एईडी या नावाने ओळखले जाणारे हे स्वयंचलित यंत्र छातीला चिकटवलेल्या पट्ट्यांतून हृदयाची विद्युत्‌लहर तपासते, काय करायचे ते बोलून सांगते आणि गरज नसेल तर धक्का देतच नाही. ज्ञानाचा जो भाग पूर्वी डॉक्टरच्या डोक्यात होता तो असा पेटीत उतरला.

ही पेटी सामान्य माणसाच्या हातात किती उपयोगी पडते, याची परीक्षा अमेरिकेतील जुगारघरांत झाली. तेथे रखवालदार जागोजागी उभे असतात आणि कॅमेऱ्यामुळे कोण कधी कोसळला ते सेकंदासह कळते. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, इतरांच्या डोळ्यांदेखत कोसळलेल्या आणि जवनिका थरथरणाऱ्या रुग्णांपैकी ज्यांना तीन मिनिटांच्या आत धक्का मिळाला त्यांतील ७४ टक्के वाचले. उशीर झालेल्यांत हे प्रमाण ४९ टक्के होते. यंत्र चालवणारे होते थोडे प्रशिक्षण घेतलेले रखवालदार.

चाळणी आणि तिची भोके

दुसरा मार्ग सरळ दिसतो. दोष असलेली मुले आधीच शोधून काढावीत. इटलीने तो सर्वांत नेटाने अवलंबला. खेळाडूंच्या आरोग्याविषयी १९७१चा कायदा होताच. १९८२पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येकाला दरवर्षी तपासणी आणि हृद्‌विद्युतालेख, म्हणजे इसीजी, सक्तीचा झाला. व्हेनेतो प्रांतातील २५ वर्षांची आकडेवारी २००६मध्ये प्रसिद्ध झाली. खेळाडूंमधील आकस्मिक हृदयमृत्यूंचे प्रमाण दरवर्षी लाखामागे ३.६ होते, ते ०.४वर आले होते. न खेळणाऱ्या तरुणांत असा बदल दिसला नाही.

इस्राएलनेही १९९७ साली असाच कायदा केला. तेथील पाहणी २०११मध्ये आली. तिच्यासाठी वृत्तपत्रांतील बातम्यांवरून मृत्यू आणि हृदयक्रिया बंद पडण्याच्या घटना मोजल्या होत्या. कायद्याआधीच्या १२ वर्षांत ११ आणि नंतरच्या १२ वर्षांत १३ घटना आढळल्या. लाखामागे प्रमाण २.५४ आणि २.६६, म्हणजे फरक जवळजवळ नाही. मात्र कायद्याच्या लगेच आधीची दोनच वर्षे तुलनेला घेतली, तर इस्राएलमध्येही मोठी घट 'दिसली' असती, हे संशोधकांनी दाखवून दिले. घटना मोजक्या असल्या, की एखादे वाईट वर्ष सरासरीला कुठेही नेते. वरच्या वर्गांना संख्याशास्त्र शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे. इटलीचे आकडे यामुळे खोटे ठरत नाहीत, पण चाळणीवर किती विसंबावे हा वाद अजून मिटलेला नाही.

चाळणीला भोके असतात, हे तर साऱ्या जगाने पाहिले. डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिकसन १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये सामना चालू असताना कोसळला. तो तेव्हा इंटर मिलानचा, म्हणजे सर्वांत कडक तपासणी असलेल्या इटलीतील संघाचा खेळाडू होता. त्याला तपासणीने वाचवले नाही. मैदानावर लगेच सुरू झालेले छातीदाब आणि धक्का यांनी वाचवले. पुढे शरीरात छोटे यंत्र बसवून तो २०२२मध्ये पुन्हा खेळू लागला.

काही मृत्यू तर कोणत्याच चाळणीत सापडणार नाहीत. २००० साली न्यूयॉर्क राज्यात लक्रॉस खेळणाऱ्या १४ वर्षांच्या गोलरक्षकाने चेंडू छातीवर अडवला, दोन पावले टाकली आणि तो पडला. छातीवर संरक्षक कवच होते, हृदय निरोगी होते. अशा आघाताचे कोडे बोस्टनच्या मार्क लिंक आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली डुकरांवरील प्रयोगांनी उलगडले होते. ताशी ४८ किलोमीटर वेगाचा चेंडू हृदयावर नेमक्या एका क्षणी आदळला, तर जवनिका थरथरू लागतात. इसीजीतील 'टी' लहरीच्या शिखराआधीचे १५ ते ३० सहस्रांश सेकंद, एवढाच तो क्षण. मिनिटाला ७५ ठोके धरले, तर एक ठोका ८०० सहस्रांश सेकंदांचा होतो. त्यातला हा धोक्याचा तुकडा दोन टक्क्यांहूनही कमी! हजारो चेंडू छातीवर बसतात आणि काही होत नाही, आणि एखादाच जीव घेतो, तो यामुळे. त्या मुलाच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि २००२ साली न्यूयॉर्क राज्यातील सरकारी शाळांना एईडी ठेवणे बंधनकारक झाले.

साइतामाचा धडा

आता पुन्हा जपानकडे वळू. तेथे शाळेतील हृदयतपासणी १९७३पासून आहे. १९९५पासून प्राथमिक आणि माध्यमिकच्या दोन्ही टप्प्यांवर, पहिल्या वर्षात येणाऱ्या प्रत्येक मुलाचा इसीजी काढतात. जुलै २००४पासून सामान्य नागरिकांना एईडी वापरण्याची मुभा मिळाली. डोळ्यांदेखत कोसळलेल्या आणि जवनिका थरथरणाऱ्या रुग्णांपैकी एकूण १४.४ टक्के जण महिन्याने मेंदूला मोठी इजा न होता जिवंत होते. सार्वजनिक ठिकाणच्या यंत्राचा धक्का मिळालेल्यांत हे प्रमाण ३१.६ टक्के होते.

म्हणजे चाळणी होती, यंत्र होते, परवानगी होती. मग उणीव कशाची होती? शिक्षक धावून आले होते, रुग्णवाहिका बोलावली होती. परंतु मुलगी 'श्वास घेत आहे' असे त्यांना वाटले. रुग्णवाहिकेचे कर्मचारी येईपर्यंत सुमारे ११ मिनिटे गेली. त्या वेळात ना छाती दाबली गेली, ना पेटी उघडली गेली.

हृदय थांबल्यावरही काही काळ मेंदूचा खालचा भाग श्वासाचे तुटक आदेश देत राहतो. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी आचके दिल्याप्रमाणे तोंडाची उघडझाप होते, मधेच घशातून घरघर येते. हा श्वास नव्हे. हातपायही थोडे झटके देतात आणि पाहणाऱ्याला फिट आल्यासारखे वाटते. आपल्याकडे अशा वेळी कांदा हुंगायला देतात, चप्पल नाकाशी धरतात, तोंडावर पाणी मारतात. हेतू चांगला असतो, मिनिटे मात्र निघून जातात.

त्या मुलीच्या आईवडिलांशी बोलून शहराच्या शिक्षण मंडळाने २०१२ साली शिक्षकांसाठी मार्गदर्शिका तयार केली. तिला मुलीचेच नाव दिले आहे, 'असुका' आराखडा. शिक्षकांवर ठपका ठेवणे हा तिचा उद्देश नाही. तिचे मर्म एवढेच, की श्वास चालू आहे की नाही हे ठरवता येत नसेल, तर नाही असेच समजा आणि छाती दाबायला लागा.

आम्हाला या इतिहासातले हेच वाक्य सर्वांत मोलाचे वाटते. प्रयोगशाळेत शास्त्रज्ञाने खात्री होईपर्यंत थांबायचे असते. मैदानावर मात्र खात्रीची वाट पाहणे हीच चूक ठरते. दोन चुकांची तुलना करून पाहा. हृदय चालू असताना छाती दाबली, तर मूल कळवळेल, फार तर बरगडी दुखावेल. हृदय थांबले असताना दाबली नाही, तर मूल जाईल.

यंत्र महाग आहे आणि आपल्या बहुतेक शाळांत ते नाही. ते यावे यासाठी प्रयत्न करावेच. पण १९६०चा शोध फुकट आहे. खेळताना चक्कर येऊन पडलेले, धावताना छातीत दुखते म्हणणारे किंवा घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलेले मूल असेल, तर त्याला मैदानावर उतरवण्याआधी डॉक्टरकडे पाठवा. कोणी कोसळले, हाकेला ओ देत नसले आणि श्वास नेहमीसारखा नसला, तर एकाने १०८ला दूरध्वनी करावा. यंत्र जवळपास असेल, तर एकाने ते आणायला पळावे. एकाने छातीच्या मध्यभागी तळहात ठेवून सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहावे. दमल्यावर दुसऱ्याने घ्यावे, पण थांबू नये. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा गादीच्या वळकटीवर याचा सराव शिक्षकांनी आणि आठवीच्या पुढच्या मुलांनी एकदा करावा. प्रशिक्षित माणूस शिकवायला मिळाला, तर उत्तमच.

बेक यांनी त्या मुलाचे हृदय पाऊण तास हातात धरले होते. आता ते काम छातीच्या बाहेरून होते, आणि ते करणारा मैदानावर सर्वांत जवळ उभा असलेला माणूस असतो. शाळेत तो बहुधा शिक्षकच असतो.