चारशे एकवीस

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय थोडा तांत्रिक आहे, पण आत्या-काकूंनी लगेच पळ काढू नये. शेवटी गोष्ट आपल्याच घरची आहे.

आमच्या बदलापूरचा पिनकोड ४२१५०३. अंबरनाथचा ४२१५०१, उल्हासनगरचे ४२१००१ ते ४२१००५. कल्याण-भिवंडीपासून मुरबाडपर्यंत सगळी गावं ४२१ नेच सुरू होतात. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी! एकाच नावाची अनेक गावं, त्यात पत्त्यांच्या लिप्या वेगवेगळ्या. यातून पत्र नेमकं कुठे न्यायचं, हे सहा आकड्यांत सांगायची सोय त्यांनी केली. पहिला आकडा ४ म्हणजे देशाचा पश्चिम भाग, आणि पहिले तीन मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा. पत्र कुठे जायचं ते पिन सांगतो. पाठवणारा माणूस कसा आहे, यावर तो काही बोलत नाही.

त्यानंतर दहा वर्षांनी, ऑगस्ट १९८२ मध्ये, अमेरिकेत जॉन पोस्टेल यांनी ईमेल पोचवायचे नियम लिहिले. एसएमटीपी म्हणतात ते हेच. एक सर्व्हर दुसऱ्याचं दार वाजवतो आणि दुसरा तीन आकड्यांत उत्तर देतो. २ ने सुरू झालं तर ठीक. ४ ने सुरू झालं तर आत्ता नाही, नंतर या. ५ ने सुरू झालं तर नाहीच. या उत्तरांत एक आहे ४२१. अर्थ असा की सेवा देता येत नाही, दार लावतोय.

२०१० साली मी घरी मेल सर्व्हर उभा केला. जुना पीसी, त्यावर लिनक्स आणि पोस्टफिक्स. केबलवाल्याला महिन्याला जास्तीचे पैसे देऊन कायमचा एक आयपी पत्ता घेतला. आडनावाचं डोमेन घेतलं, घरातल्या प्रत्येकाला पत्ता दिला. बाबांना फार कौतुक. "आपलं स्वतःचं पोस्ट ऑफिस!" म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

पहिल्याच आठवड्यात लॉगमध्ये ओळी दिसू लागल्या, ४२१, ४२१, ४२१. मला हसूच आलं. म्हटलं, ह्यांना आमचा पिनकोड कसा कळला? :)

मग शोधाशोध केली. त्यातून जो इतिहास कळला तो असा.

पहिला नकोसा जाहिरातीचा मेल मे १९७८ मधला. डीईसी कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना संगणकाच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण धाडलं. लोक चिडले. तेव्हा जाळ्यावर जो तो एकमेकाला ओळखत होता, त्यामुळे कानउघाडणी पुरली. पुढे ओळख राहिली नाही. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी एक यादी काढली, जिथून असा कचरा येतो त्या आयपी पत्त्यांची. तपासायची युक्ती साधी आहे. समजा पत्ता २०३.०.११३.२५ आहे. तो उलटा करायचा, २५.११३.०.२०३, आणि जणू एखाद्या संकेतस्थळाचं नाव असल्यासारखा यादीच्या डीएनएसला विचारायचा. १२७.०.०.२ असं उत्तर आलं तर पाहुणा यादीत आहे. असं नावच नाही म्हणून उत्तर आलं तर तो यादीत नाही. सगळा निकाल क्षणभरात.

मग दुसऱ्या प्रकारच्या याद्या निघाल्या. यांत पत्त्याने गुन्हा केलेला असावा लागत नाही. घरगुती जोडणीच्या रांगेतला पत्ता असला की झालं. हे अगदीच अन्यायाचं होतं असंही नाही हं. २००३ चा सोबिग व्हायरस आठवतो? त्याने घराघरांतले पीसी मालकाच्या नकळत कचरा पाठवायला लावले. घरगुती पत्त्यावरून थेट येणारा मेल बहुतेक वेळा खरंच कचरा असायचा. चौकीदाराचा हिशोब बरोबरच होता. फक्त त्या हिशोबात मी बसत नव्हतो.

उपाय होते. आयपीवरून उलट नाव निघेल अशी नोंद करायची, पण ती केबलवाल्यानेच करायची असते. त्यांच्या ऑफिसातला मुलगा म्हणाला, "साहेब, आजवर असं कुणी मागितलं नाही." चार हेलपाटे घातल्यावर झालं. मग एसपीएफ, म्हणजे आमची पत्रं अमुक पत्त्यावरूनच निघतील अशी जाहीर सूचना. मग डीकेआयएम, म्हणजे प्रत्येक पत्रावर आपली मोहोर. यादीवाल्यांना अर्ज केला, पत्ता निघाला. हुश्श म्हणतो तोवर दीड महिन्यात पुन्हा आत. कारण काय, तर आमच्या रांगेतल्या दुसऱ्याच कुणाच्या पीसीने घाण केली होती आणि त्यांनी अख्खी रांग धरली.

शेजाऱ्यावरून ओळखलं जाणं आमच्या भागाला नवीन नाही. पलीकडचं उल्हासनगर बघा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखाच्या आसपास माणसांना त्या बराकींत ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे शहराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून नाव मिळालं. पण पत्ता राहिला कॅम्प एक, कॅम्प दोन, पाचपर्यंत. आजही राहिलाय. घरदार सोडून आलेल्या माणसांनी पापड, मिठाई, कापड, फर्निचर, पुढे जीन्स असे धंदे शून्यातून उभे केले. आणि जगाने त्यांना काय दिलं, तर एक विनोद. "मेड इन यूएसए, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन." नकली माल तिथे होत नव्हता असं मी म्हणणार नाही. पण शिक्का बसला तो सगळ्या रांगेवर.

माझा कॅम्प तीनचा एक मित्र आहे, जीन्सचा धंदा करतो. त्याच्या खोक्यांवर आणि कार्डावर एका नातेवाईकाचा मुंबईचा पत्ता असायचा. मी त्याची खूप थट्टा करायचो, गावाची लाज वाटते का म्हणून. तो म्हणायचा, "यार, खोका उघडला तर माल बघतील ना. उघडतच नाहीत."

आता घरची गोष्ट. बाबा आणि नाशिकचे काका गावच्या घरावरून बोलत नव्हते, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. २०११ च्या दिवाळीत बाबांनी पहिल्यांदा माघार घेतली. दोन बोटांनी मराठी टाईप करत तीन रात्री बसून काकांना पत्र लिहिलं आणि आपल्या पोस्ट ऑफिसातून पाठवलं. मी लॉग बघितला. ४२१ नाही, ५५० नाही, चक्क २५०. पत्र स्वीकारलं. बाबांना म्हटलं, "पोचलं."

उत्तर आलं नाही. बाबा एक-दोनदा विचारून गप्प झाले. आठ महिन्यांनी एका लग्नात काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्या बापाने दोन ओळी लिहिल्या असत्या तर मी धावत आलो असतो रे." माझ्या पोटात खड्डा पडला. पत्र घेतलं होतं, पण जंक फोल्डरमध्ये टाकलं होतं. तिथला मजकूर तीस दिवसांनी आपोआप पुसला जात होता. काकांना कळलं नाही, आणि आम्हालाही कुणी कळवलं नाही.

तेव्हा मला त्या ४२१ ची किंमत कळली. तो निदान तोंडावर सांगतो. नंतर या म्हणतो, आपण पुन्हा जातो, चूक शोधतो. "हो, मिळालं" म्हणून कोपऱ्यात टाकणाऱ्याशी भांडायचं तरी कसं?

माझ्याकडे त्या पत्राची प्रत होती. बाबांनी ती छापून घेतली, खाली सही केली, पिनकोड घातला आणि स्टेशनजवळच्या पेटीत टाकली. चौथ्या दिवशी काकांचा फोन आला. त्यानंतर काका पाच वर्षं होते. दोघे भरपूर बोलले. पण बाबा अजून मधेच म्हणतात, "आठ महिने गेले बघ." मी काही बोलत नाही. "पोचलं" असं मीच सांगितलं होतं.

सर्व्हर आजही चालू आहे. येणारी पत्रं घरीच येतात. जाणारी मात्र मी वर्षाला पैसे भरून एका मोठ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत पाठवतो, त्यांच्या चांगल्या नावाच्या पत्त्यावरून. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांचे नियम आणखी कडक केलेत, त्यामुळे घरून थेट पाठवायचा हट्ट मी सोडला. मित्राला हे सांगितलं तेव्हा तो मोठ्याने हसला. "म्हणजे तूपण खोक्यावर मुंबई लिहिलंस!"

लिहिलं खरं.

असो. वाचून झालं की एक काम करा. आपापला जंक फोल्डर एकदा उघडून बघा. तीस दिवस व्हायच्या आत.