छप्पन मिलिमीटरचा चौकोन

२६ जुलै २००५ च्या पुरात आमचे सगळे अल्बम गेले. माळ्यावरचा बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा तेवढा वाचला. आजोबा गेल्यावर मी तो उघडला, तर आत कृष्णधवल निगेटिव्हच्या पट्ट्या आणि व्हिनेगरसारखा आंबट वास. अ‍ॅसिटेट फिल्म विघटित होऊ लागली की अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं आणि तेच आम्ल पुढची नासाडी वाढवतं. आई म्हणाली, पणजीचा एकुलता एक फोटो यातच असणार. म्हणजे स्कॅनर निवडायला फार वेळ नव्हता.

प्रत्येक चौकोन साधारण ५६ मिलिमीटरचा. ही १२० रोलची फिल्म. कोडॅकने ती १९०१ मध्ये ब्राउनी नंबर २ या कॅमेऱ्यासाठी आणली आणि ती आजही बनते. आजोबांकडे अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने तो कॅमेरा आपल्याकडे घरोघरी पोचवला. एका रोलमध्ये बारा फोटो, म्हणजे प्रत्येक फोटो मोजूनमापून.

आता गंमत बघा. १९५७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो फिरत्या ड्रमवर लावून संगणकात घेतला. तो फोटोही ५ सेंटिमीटरचा चौकोन, जवळपास माझ्या निगेटिव्हएवढाच. त्यातून मिळाले १७६ गुणिले १७६, म्हणजे एकतीस हजारांहून थोडे कमी पिक्सेल. बाळ तरीही ओळखू येतं.

मी मात्र आकड्यांच्या मागे लागलो होतो. निकॉनचा कूलस्कॅन ९०००, २००४ चा, ४००० डीपीआय, फिल्मवर स्वतः फोकस करणारा. माझ्या चौकोनातून तो सुमारे ७७ मेगापिक्सेल काढेल. पण तो कधीच बंद झालाय, सेकंडहँड महाग मिळतो आणि जोडायला फायरवायर लागते. दुसरा पर्याय फ्लॅटबेड. खोक्यावर ६४०० डीपीआय लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्षात चांगलं मॉडेलही २३०० च्या आसपासचाच तपशील देतं. म्हणजे सुमारे २५ मेगापिक्सेल.

मग डोक्यात प्रकाश पडला. क्लिक थ्रीला एकच साधी काच होती, फोकस ठरलेला, कडांना धूसर. जे लेन्सने टिपलंच नाही ते स्कॅनर कुठून आणणार? मी फ्लॅटबेड घेतला.

पहिला स्कॅन मीच बिघडवला. धूळ काढणारं इन्फ्रारेड फीचर चालू ठेवलं. रंगीत फिल्ममधून इन्फ्रारेड आरपार जातं, पण कृष्णधवल फिल्ममधली चांदी ते अडवते. सॉफ्टवेअरने पणजीचे केसच धूळ समजून पुसले. फीचर बंद केलं, फुंकणीने धूळ झटकली, वाकलेली पट्टी काचेखाली सपाट केली आणि २४०० डीपीआयवर पुन्हा स्कॅन केलं. त्यापुढे वाढवलं तर फक्त फिल्मचे दाणे मोठे होत होते.

आईने फोटो झूम करून पाहिलाच नाही. म्हणाली, "तिच्या मांडीवरची बरणी अजून आपल्याकडे आहे."

डब्यात अजून एकोणीस पट्ट्या आहेत. दर रविवारी दोन होतात.