हबीब तनवीर यांचे ‘मिट्टी की गाडी’ : मृच्छकटिकाचा एक प्रयोगविचार

संस्कृत नाटक आजच्या रंगभूमीवर कसे आणावे ह्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा भाषांतराच्या अंगाने होते. शब्द मुळाशी कितपत प्रामाणिक राहिले हे तपासले की समीक्षकाचे काम संपते. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चा जो प्रयोग हबीब तनवीर (१९२३–२००९) यांनी १९५८ साली दिल्लीच्या ‘हिंदुस्तानी थिएटर’ ह्या संस्थेसाठी ‘मिट्टी की गाडी’ ह्या नावाने बसविला, त्याचे मोल ह्या मापाने करता येणार नाही. त्या प्रयोगाने विचारलेला प्रश्न निराळाच होता. हे नाटक मुळात कोणत्या प्रकारच्या रंगमंचाची आणि कोणत्या प्रकारच्या नटाची अपेक्षा धरते, हा तो प्रश्न होय.

तनवीर मूळचे रायपूरचे. रायपूर व नागपूर त्या वेळी एकाच प्रांतात मोडत, आणि त्यांचे पदवीपर्यंतचे शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले. १९४५ नंतरची काही वर्षे त्यांनी मुंबईत ‘इप्टा’च्या सहवासात काढली. दिल्लीस गेल्यावर १९५४ साली त्यांनी नझीर अकबराबादीच्या कवितेवर आधारलेले ‘आग्रा बाजार’ सादर केले. त्यात जामिया मिल्लियाचे विद्यार्थी होते, तसेच जवळच्या ओखला गावातील साधी माणसेही होती. पुढच्याच वर्षी ते नाट्यशिक्षणासाठी इंग्लंडला गेले व तेथून युरोपात हिंडले. ब्रेख्टला भेटण्याच्या इच्छेने ते बर्लिनला पोहोचले, परंतु ऑगस्ट १९५६ मध्ये ब्रेख्टचे निधन झालेले होते. त्याच्या नाट्यसंस्थेचे प्रयोग मात्र त्यांनी कित्येक महिने पाहिले. ह्या एका गोष्टीवरून त्यांच्या सर्व कार्याचा उगम ब्रेख्टमध्ये शोधण्याची प्रथा पडली आहे. ती आम्हांस मान्य नाही. रस्त्यावरची वर्दळ, कथानकाची सैल वीण, गीतांनी प्रसंग तोलून धरणे हे सारे ‘आग्रा बाजार’मध्ये बर्लिनच्या आधीच आलेले होते. फार तर बर्लिनने त्यांना आत्मविश्वास दिला असे म्हणता येईल.

१९५८ साली परतल्यावर ते रायपूरला गेले, तेथे रात्रभर चालणारा ‘नाचा’ त्यांनी पाहिला, आणि ठाकुरराम, मदनलाल, भुलवाराम, लालूराम आदी सहा लोककलावंतांना त्यांनी दिल्लीस आणले. ‘मृच्छकटिका’त ह्या मंडळींना स्थान मिळाले, ते शोभेसाठी नव्हे.

मूळ संहितेकडे पाहिले म्हणजे ह्याचे कारण ध्यानात येते. पहिल्या अंकात शकार व विट काळोख्या रस्त्यावर वसंतसेनेचा पाठलाग करीत आहेत, आणि त्याच वेळी शेजारीच चारुदत्ताचे घर आहे. आतले व बाहेरचे दोन्ही व्यवहार प्रेक्षकाला एकदम दिसावे लागतात. दुसऱ्या अंकात जुगारात हरलेला संवाहक ओसाड देवळात शिरून मूर्ती होऊन उभा राहतो. तिसऱ्यात शर्विलक भिंतीला भोक पाडण्याचे शास्त्र शांतपणे सांगतो व मापाला जानवे वापरतो. चौथ्यात मैत्रेय वसंतसेनेच्या वाड्याचे आठ चौक एकामागून एक ओलांडतो. हे आठ चौक रंगविलेल्या पडद्यांवर दाखवू म्हटले तर कोणती नाटक मंडळी पुरी पडेल? संस्कृत नाटककाराने हा प्रश्न ‘परिक्रम्य’ ह्या एका रंगसूचनेने सोडविला आहे: नट रंगमंचावर फेरी घेतो आणि स्थळ बदलते. नाट्यशास्त्रातील कक्ष्याविभागाचे तत्त्वही हेच. ग्रंथात हे तत्त्व सर्वांनी वाचलेले होते. नाचाचा नट ते ग्रंथ न वाचता रोज आचरीत होता. मोकळ्या जागेत दोन पावले टाकून गाव बदलणे त्याच्या अंगवळणी पडलेले होते.

संस्कृतच्या अनेक अभ्यासकांना ही संगत रुचली नाही; अभिजात कृतीला ग्राम्यतेचा विटाळ झाला असा त्यांचा सूर होता. मराठी वाचकाला ह्या आक्षेपामागची सवय ओळखीची वाटेल. १८८० च्या किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून देवलांच्या ‘मृच्छकटिका’पर्यंत आपण संस्कृत नाटक चौकटीच्या रंगमंचावर, पडद्यांपुढे व पदांच्या साजात पाहिले. त्या परंपरेचे ऋण मोठे आहे. परंतु ती चौकट शूद्रकाची नव्हे. आक्षेपात तथ्य असेल तर ते अन्यत्र आहे. पाचव्या अंकातील पर्जन्यवर्णनाचे श्लोक हे शुद्ध काव्य असून, गतिमान लोकनाट्याच्या शैलीत त्यांचे वजन पेलणे अवघड आहे.

तथापि १९५८ चा प्रयोग एका बाबतीत अपुराच राहिला. छत्तीसगढी नटांना हिंदी बोलावे लागले आणि दिग्दर्शकाने आखून दिलेल्या हालचाली पाठ कराव्या लागल्या. गावात हजारोंना खिळवून ठेवणारा नट येथे अडखळू लागला. १९५९ मध्ये मोनिका मिश्र यांच्यासह ‘नया थिएटर’ स्थापन केल्यानंतरही ही अडचण कित्येक वर्षे टिकली. आपण ह्या माणसांची मातृभाषा व त्यांची चाल हिरावून घेत आहोत, हे तनवीर यांनी पुढे स्वतःच उघडपणे सांगितले. १९७३ साली रायपूर येथे झालेल्या नाचा-कार्यशाळेपासून नटांना त्यांची बोली परत मिळाली. १९७५ चे ‘चरणदास चोर’ हे त्याचेच सर्वांत गाजलेले फळ, आणि ‘मिट्टी की गाडी’ही नंतर छत्तीसगढीत नव्याने उभे राहिले.

येथे एक विलक्षण योग आहे. टीकाकार पृथ्वीधराने ह्या नाटकात शौरसेनी, अवंतिका, प्राच्या, मागधी, शकारी, चांडाली व ढक्की अशा सात बोली मोजल्या आहेत. विद्यापीठांतून आपण त्या संस्कृत छायेच्या आधारे वाचतो, आणि छायेत त्या सगळ्या एकसारख्या होतात. म्हणजे जो अन्याय दिल्लीच्या पहिल्या प्रयोगात नटांवर झाला, तोच पाठ्यपुस्तकातून पात्रांवर नित्य होत असतो. दहाव्या अंकात चारुदत्ताला वधस्थानी नेताना शकाराचा दास स्थावरक बेड्यांसह प्रासादावरून उडी टाकतो आणि खरा खुनी कोण हे ओरडून सांगतो. तो सांगतो मागधीत. दासाच्या शब्दावर विश्वास ठेवला जात नाही. मिरवणूक पुढे चालू लागते.